आठ हजारांच्या वर

कुपवाडच्या एमआयडीसीतून जिनेंद्र मगदूम
दोन डबे घेऊन आला स्कूटरवर,
पायांमध्ये गोणपाटात गुंडाळून,
कोंबड्या आणाव्यात तसे.

"काका, हा काळा बावन्न हजारांचा.
आत रेझिस्टरची शिडी हाय,
एकेक आकडा पायरी चढतो नि आवाज होतो.
हा चंदेरी अकराचा. ह्याच्यात शिडीबिडी नाही,
एकच चिप. ती कशी करते तिचं तिला ठाऊक.
शनवारपर्यंत ऐका, मग बोलू."

माझ्या रेकॉर्डी एकोणीसच्या पुरात गेल्या.
कव्हरं एकमेकांना चिकटून
गाळाचं एक जाड पुस्तक झालं होतं.
भाच्यानं त्याआधी कॉम्प्युटरात भरून ठेवलं
तेवढं उरलं : नुसते आकडे,
सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर.
त्यांचं पुन्हा गाणं करायला
मध्ये कुणीतरी लागतो.
अडत्याच म्हणा ना.

आणि अडत्या ओळखायला मी काही नवखा नाही.
बत्तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर होतो.
पोत्यात हात घालून ओल सांगायचो,
मशीन तेच सांगायचं, जरा उशिरा.
चांगला अडत्या तो,
ज्याचं बोट काट्याला लागत नाही.

चार रात्री ऐकलं.
जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर लिहून ठेवलं :
काळा – डग्गा भरीव. तंबोऱ्यामागची भिंत दिसते.
चंदेरी – भिंत दिसते, पण नुकतीच रंगवलेली.
काळा – गायिका श्वास घेते.
चंदेरी – घेते, पण घाईत.
आता वाचताना माझं मलाच
कसंतरी होतं.

गुरुवारी मिरजेहून दस्तगीरचाचा आले,
जवारी काढण्यात ज्यांची नखं झिजली ते.
डोळे मिटून दोन्ही ऐकले. बशीत चहा ओतला.
"दोन्हीत पंचम केसभर उतरलाय," म्हणाले,
"त्याच दिवशी कुणीतरी खुंटी पिळायला पाहिजे होती."
डब्यांबद्दल काही बोलले नाहीत.

शुक्रवारी डोळ्यांवर पंचा बांधून बसलो.
विजयमाला कपाटामागं,
दर खेपेला तार बदलणार, खट् असा आवाज करणार,
मी ओळखणार.
दहा खेपा. सहा वेळा काळा म्हणालो, चार वेळा चंदेरी,
एकदाही अडखळलो नाही.

पंचा सोडला तर ही तोंडाला पदर लावून.
"मी तार काढलीच नाही ओ.
मागं पाल होती. नुसतं खट् खट् केलं."

मनात चुकचुकते ती नव्हे. खरीच पाल.
काळ्या डब्याखाली ऊबेला बसलेली.

मग ड्रॉवरमधून तो कागद काढला,
जो श्रावणापासून तिथं होता
आणि नव्हता असं मी धरून चाललो होतो.
मिरजेच्या दवाखान्यात काढलेला कानाचा आलेख.
डाव्या कानाची रेघ
पायरी पायरीनं खाली आलेली,
आठ हजारांच्या वर काहीच नाही.
डॉक्टरीण पोर म्हणाली होती,
"रातकिडे ऐकू येत नसतील, आजोबा."
मला वाटलं होतं,
आमच्या गल्लीतले रातकिडेच संपले.

विजयमालानं कागद उलटासुलटा करून पाहिला.
"दोन्हीतला कोणता तापत नाही?" म्हणाली.

शनिवारी जिनेंद्रला अकरा हजार मोजून दिले,
पाचशे कमी करून घेतले, यार्डातली सवय.
काळा डबा त्यानं परत गोणपाटात गुंडाळला,
आधी झटकून घेतला, पालीसाठी.

रात्री लावलं.
डग्गा भरीव की कसा, भिंत दिसते की नाही,
पाहायचंच राहून गेलं.
पंचम केसभर उतरलाय.
इतकी वर्षं कसा कळला नव्हता,
आता दुसरं काही ऐकूच येत नाही.